बाटली फेकू नका!

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आमच्याभोवती दहा-पाच माणसे जमतात. कुणाचा घराचा पट्टा, कुणाच्या मुलाचे जातवैधता प्रमाणपत्र, कुणाचे पोटगीचे प्रकरण. वकील म्हटला की हे आलेच. पण गेल्या थंडीत एका ताईंनी पर्समधून कागद काढला नाही, खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. कडेवर दीड वर्षाचे बाळ, नाक वाहणारे. म्हणाल्या, "वकील साहेब, पेपरात आलं होतं ते औषध हेच का हो? बाळाला देऊ का नको?"

आम्ही म्हणालो, "ताई, आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारा."

त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनीच तर दिलंय. त्यांना काय विचारणार? चिडतात ते. म्हणतात, तू डॉक्टर का मी डॉक्टर?"

ताईंच्या या उत्तराने आम्ही गप्प झालो. कायद्याची पदवी घेतली, वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पण हातातली बाटली विषाची की औषधाची, हे आम्हालाही बाहेरून पाहून सांगता येणार नव्हते. मग शिवणकाम करणाऱ्या त्या ताईंनी ते कसे ओळखावे? आणि मुळात ते त्यांनी ओळखावे, अशी अपेक्षा तरी कोण करतो आहे?

ताईंच्या मनात परासिया होते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया या कोळसा खाणींच्या भागात लहान लहान मुले पटापट दगावली. साधी सर्दी, ताप, खोकला. औषध सुरू केले आणि दोन-चार दिवसांत उलट्या, मग लघवी बंद, मग किडनी निकामी. नागपूरची हद्द तेथून लांब नाही, त्यामुळे आईबापांनी उधार-उसनवार करून लेकरे नागपुरात आणली. कित्येकांनी येथेच प्राण सोडला. वीसहून अधिक मुले गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. नागपूरच्या वाचकांना हे आम्ही काय सांगावे? त्या आयांचा आक्रोश या शहरातल्या रुग्णालयांच्या व्हरांड्यांनी ऐकला आहे.

त्या औषधाचे नाव कोल्ड्रिफ. ते तयार झाले तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात. तेथील औषध प्रशासनाने नमुना तपासला तेव्हा त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन तब्बल ४८.६ टक्के निघाले. कायद्याने चालणारी मर्यादा आहे ०.१ टक्का! म्हणजे बाटलीतला जवळजवळ अर्धा भाग विष होता. त्याला औषधात भेसळ म्हणणेसुद्धा कमीच. कारखान्याच्या तपासणीत तीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या. मग परवाना रद्द, मालकाला अटक, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही अटक. सगळे झाले, पण मुले गेल्यावर झाले.

आता आमचा मुद्दा. या घटनेनंतर वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून पालकांवर उपदेशांचा भडिमार सुरू झाला. पालकांनी सावध राहावे, मनाने औषध देऊ नये, डॉक्टरी सल्ला घ्यावा, अधिकृत दुकानातूनच घ्यावे. अहो, परासियाच्या पालकांनी दुसरे काय केले होते? त्यांनी मुलाला मांत्रिकाकडे नेले नाही. डॉक्टरकडे नेले, तेही मुलांच्या डॉक्टरकडे. चिठ्ठी घेतली, मेडिकलमधून पैसे मोजून बाटली घेतली, सांगितले तेवढेच पाजले. एका जबाबदार आईबापाने जे जे करायचे ते सर्व त्यांनी केले. तरी मूल गेले. त्यांनी तोलून-मापूनच निर्णय घेतला होता. पण ज्या तराजूवर तोलले तो तराजूच खोटा होता. आणि तराजू तपासायचे काम आईचे नाही, शासनाचे आहे.

हे विष बाटलीत येते कसे, हे समजून घेतल्याशिवाय दोष कुणाचा ते कळणार नाही. ताप उतरवणारे पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून पातळ औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांसारखा द्रव घालतात. हा द्रव दोन दर्जांचा मिळतो. एक औषधासाठीचा, शुद्ध आणि महाग. दुसरा कारखान्यांच्या वापराचा, स्वस्त. स्वस्त मालात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असू शकते. हे रसायन गाड्यांच्या ब्रेक ऑइलमध्ये, रंग-शाईच्या धंद्यात वापरले जाते. दिसायला तसेच, पातळ तसेच, वर चवीला गोडसर. मूल तोंड वाकडे न करता गटकन पिऊन टाकते. आलेले पिंप उघडून एक तपासणी केली तर फरक कळतो. औषध कारखान्याने प्रत्येक कच्चा माल आणि प्रत्येक बॅच तपासलीच पाहिजे, असे नियम कित्येक वर्षांपासून आहेत. म्हणजे ज्ञान आहे, यंत्र आहे, नियम आहे. नाही ती फक्त नियत आणि नियतीवर नजर ठेवणारा निरीक्षक!

आणि हे काही प्रथमच घडले असेही नाही. १९३७ साली अमेरिकेत याच रसायनात विरघळवलेले एक औषध पिऊन शंभरावर माणसे मेली, त्यांत अनेक मुले होती. तेव्हाच्या कायद्यात औषध सुरक्षित असलेच पाहिजे, अशी अटच नव्हती. त्यामुळे कंपनीवर खटला चालला तो काय म्हणून, तर बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिले आणि आत मद्यार्क नव्हता म्हणून! शंभर जीव गेले आणि गुन्हा ठरला लेबलचा. पण अमेरिकेने निदान लाज बाळगली. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवा कायदा करून विक्रीपूर्वी औषधाची सुरक्षितता सिद्ध करणे बंधनकारक केले.

आपल्याकडे? १९८६ च्या सुरुवातीला आपल्या मुंबईत, शासनाच्या जे. जे. रुग्णालयात, हेच रसायन मिसळलेले ग्लिसरीन देऊन १४ रुग्ण मारले गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादार, रुग्णालयातील अधिकारी, औषध प्रशासन आणि मंत्रालय यांचे साटेलोटे पुराव्यानिशी उघडे पाडले. आम्ही कायद्याचे विद्यार्थी असताना तो अहवाल वाचला होता. आजही एखाद्या तरुण वकिलाने तो मिळवून वाचावा. वाटेल की काल लिहिला आहे. त्यानंतर जम्मूतील रामनगर येथे २०१९-२० च्या थंडीत डझनभर बालके गेली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने पालकांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला सांगितले, तर तेथील प्रशासन ते न देण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेले! २०२२ मध्ये तेथेही त्यांचे चालले नाही, ही न्यायालयाची मेहेरबानी. परासियातील वडिलांना कुणी म्हणाले की असे पूर्वी कधी घडले नव्हते, तर ते खोटे आहे, एवढे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

याहून मोठी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशात सुमारे ७० मुले किडनी निकामी होऊन गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल जगाला सावध केले. त्याच वर्षी उझबेकिस्तानातही भारतीय सिरपामुळे मुले गेली. तेथील न्यायालयाने ६८ मुलांच्या मृत्यूप्रकरणी २०२४ मध्ये २३ जणांना तुरुंगात धाडले. जगात नाचक्की झाली तेव्हा भारत शासनाने काय केले? १ जून २०२३ पासून परदेशी पाठवायचे खोकल्याचे सिरप आधी शासकीय प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पाठवता येणार नाही, असा नियम केला. चांगलेच केले. पण तो नियम झाला तेव्हा परासियाला जाणाऱ्या बाटलीचे काय? तिच्यासाठी कारखानदाराचा शब्द पुरेसा! परदेशी लेकराचे सिरप सरकार तपासणार, आणि आमच्या लेकराचे सिरप, ज्याने बनवले तोच तपासणार. गांबियाच्या मुलाचा जीव मोलाचा आहेच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच, की खाणकामगाराच्या मुलाचा जीव त्याहून स्वस्त आहे, हे संविधानाच्या कोणत्या कलमात लिहिले आहे? कलम २१ मध्ये तर नाही. परासियानंतर केंद्राच्या औषध नियंत्रकांनी राज्यांना प्रत्येक बॅचच्या तपासणीची आठवण करून देणारी पत्रे पाठवली. नियम होताच; आठवणही करून दिली. पण त्या दोहोंच्या मध्ये वीसहून अधिक मुले गेली.

कायदा दुबळा आहे असे कुणी म्हणेल, तर तेही पूर्ण खरे नाही. १९४० चा औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा २००८ मध्ये कडक करण्यात आला. भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू झाला तर कलम २७ खाली किमान दहा वर्षे ते जन्मठेप, आणि किमान १० लाखांचा दंड. हा दंड मृताच्या नातेवाइकांना द्यायचा असतो. कागदावर एवढे सगळे आहे. दुसऱ्या बाजूला २०२३ च्या जनविश्वास कायद्याने, औषध केवळ 'प्रमाणित दर्जाचे नाही' अशा प्रकारच्या गुन्ह्यात पैसे भरून तडजोड करण्याचे दार उघडून ठेवले. व्यापाऱ्याला त्रास नको, हे कारण. आम्ही विचारतो, निकृष्ट सिरप बनवणाऱ्याला पहिल्या वेळी कोर्टात उभे केलेच नाही, तर दुसऱ्या वेळी तो विषारी बनवणार नाही याची हमी कोण देणार?

आता आमच्या वस्तीकडे वळू. परासियात निदान बाटली होती, बाटलीवर नाव होते, बॅच क्रमांक होता. म्हणून गुन्हेगार सापडला. आमच्याकडे तेवढेही नसते. काही वर्षांपूर्वी एक जोडपे आमच्या कार्यालयात आले. नवरा हमाली करणारा. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीला वस्तीतल्या दवाखान्यात तापाचे औषध दिले होते. मोठ्या कॅनमधले गुलाबी पाणी, छोट्या बिनलेबलच्या बाटलीत ओतून. वर कागदाची कात्री मारलेली पट्टी: एवढे सकाळी, एवढे रात्री. तिसऱ्या दिवशी मुलगी निपचित पडली. आठ दिवस सरकारी दवाखान्यात राहून वाचली. तेथील डॉक्टर पहिल्या तासापासून एकच विचारत होते, "काय पाजलंत?" आईबापांना सांगता येईना. बाटली आजीने रागाच्या भरात नाल्यात फेकली होती. चिठ्ठी नाही, बिल नाही, नाव नाही. ते आमच्याकडे न्याय मागायला आले होते. आम्ही फाईलही उघडू शकलो नाही. मुलीच्या पोटात काय गेले हेच ठाऊक नाही, तर आरोप कुणावर आणि कशाचा? त्या औषधाचाच दोष होता असे आजही आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. ते जोडपे जिना उतरून गेले तेव्हाची त्यांची पाठ आम्ही विसरलो नाही.

त्या दिवसापासून आम्ही सांगत आलो आहोत, बाटली फेकू नका. मूल बरे होऊन हिंडू-फिरू लागेपर्यंत बाटली, खोका, चिठ्ठी आणि बिल एका पिशवीत बांधून ठेवा. मेडिकलवाला बिल देत नसेल तर अडून बसा. पक्के बिल देणे हे त्याचे काम आहे, उपकार नव्हे. बिलावर बॅच नंबर आहे का पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. आणि लेबल नसलेली बाटली कुणीही, कितीही मोठ्या डॉक्टरने दिली तरी "यात काय आहे ते कागदावर लिहून द्या" म्हणा. चिडला तर चिडू द्या. प्रश्न विचारणे हा अपमान नाही, हे तर आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

औषधाबद्दल चार गोष्टी डॉक्टर मंडळींकडूनच समजून घेतल्या आहेत, त्याही येथे मांडतो. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि आपोआप ओसरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट केले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहूही नयेत आणि देऊही नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा लागत नाहीत. कोल्ड्रिफमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडीही होती. ही जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे बाटलीवर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. म्हणजे त्यात विष नसते, तरीही परासियाच्या त्या तान्ह्यांना ते औषध द्यायलाच नको होते! निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. तरी घरात मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारे हात आम्ही पाहिले आहेत.

आणि चमचा. घरातला चहाचा चमचा हे माप नव्हे. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स आणि सिरप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्ये सहसा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या पूर्ण पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. ड्रॉप्सची बाटली चुकून सिरपसारखी चमच्याने पाजली, तर दहा किलोच्या बाळाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम जाते. त्याला लागते १०० ते १५०. यात कंपनीचा दोष नाही, डॉक्टरचाही नाही. म्हणून विचारायचे: किती मिली, दिवसातून किती वेळा, किती दिवस. बाळाचे वजन केल्याशिवाय डोस लिहिला जात असेल तर वजन करायला सांगायचे. शेजारणीच्या मुलाचे उरलेले औषध आपल्या मुलाला द्यायचे नाही.

पण हे वाचून कुणी औषधच नको म्हणेल, तर तो अनर्थ होईल. बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ मध्ये. औषधावाचून आणि पैशावाचून मुले जाण्याचे दुःख आपल्या आधीच्या पिढ्यांनी घराघरांतून भोगले आहे. मूल धापा टाकत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, दूध-पाणी घेत नसेल, झोपेतून उठत नसेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. तेथे घरी बसणे हाच गुन्हा. जुलाबात मीठ-साखरेच्या प्रमाणित ओआरएसने मुले वाचतात. मात्र ओआरएस नाव लावलेली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. तसले नाव लावायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. लसी चुकवायच्या नाहीत. आणि औषध सुरू असताना मुलाला उलट्या होऊ लागल्या, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर औषध थांबवा आणि ती बाटली घेऊनच मोठ्या दवाखान्यात जा. परासियातला धोक्याचा इशारा हाच होता.

संशय आला तर काय करायचे, हे मात्र वकील म्हणून आम्ही ठामपणे सांगू शकतो. १९४० च्या त्याच कायद्याचे कलम २६ वाचा. कोणतीही व्यक्ती, होय, कोणतीही, आपण विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. अर्जाचा नमुना १४-अ, अहवाल मिळतो नमुना १४-ब मध्ये. हे कलम इतकी वर्षे पुस्तकात पडून आहे. वस्त्यांमधून किती अर्ज गेले असतील याची कल्पना करवत नाही. एक खबरदारी सांगतो. उघडलेल्या बाटलीबद्दल कंपनीचा वकील म्हणणारच, की आईनेच काहीतरी मिसळले. आम्ही त्याच्या जागी असतो तर आम्हीही तेच म्हटले असते! म्हणून त्याच दुकानातली, त्याच बॅचची सीलबंद बाटली मिळत असेल तर तीही घ्या आणि बिल घ्या. सोबत अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. दुकानातून रीतसर नमुना घेणे हे त्याचे काम. दुकानदाराने माल कुणाकडून घेतला, हे निरीक्षकाने विचारले तर सांगणे कलम १८-अ प्रमाणे बंधनकारक आहे. तेथून साखळी कारखान्यापर्यंत पोचते. निरीक्षक हलला नाही तर पीडित व्यक्ती स्वतः फौजदारी फिर्याद करू शकते. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग वेगळा, त्यासाठी मुदत दोन वर्षे. आणि वकिलाचे पैसे कुठून आणू, म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ पाहा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि बालकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.

त्या रविवारच्या ताई पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटल्या. बाळाला त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले होते. तेथील मॅडमनी छाती तपासली, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालायला आणि दूध पाजत राहायला सांगितले. सिरपची गरज नाही म्हणाल्या. बाळ ओट्यावर रांगत होते. त्यांची बाटली कोल्ड्रिफची नव्हतीच. पण बिल त्यांच्याकडे नव्हते. आम्ही आग्रह धरला म्हणून त्या मेडिकलवाल्याकडे परत गेल्या होत्या. तो आधी म्हणाला, "एवढ्याशा बाटलीचं कसलं बिल?" त्या काउंटरपुढून हलल्या नाहीत. मागे रांग लागली, तेव्हा त्याने पुस्तक काढले आणि लिहून दिले. बॅच नंबरसकट.